बोटावरचा ठिपका

वॉर्डातल्या एका आजोबांचं रक्त काढलेली सुई माझ्या बोटात घुसली आणि मोहरीएवढा ठिपका उमटला. पंधरा वर्षं नर्स असूनही मी घाबरून नळाकडे धावले. बोट साबणाने धुतलं. डॉक्टरांनी लगेच एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या सुरू केल्या. संध्याकाळपर्यंत मला ताप, खाज, अशक्तपणा, सगळंच जाणवू लागलं. एवढ्याशा ठिपक्यात माणसाचा सगळा धीर बुडतो!

एचआयव्ही तपासणीसाठी आजोबांची परवानगी मागितली. ते म्हणाले, "करा की. पण सिस्टर, तुमचं काही मला लागलं नाही ना?"

म्हणजे दिवसभर आम्ही दोघं एकमेकांना घाबरत होतो.

त्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, गोळ्या थांबल्या. मी आनंदाने सांगायला धावले.

आजोबा गंभीरपणे म्हणाले, "माझं कळलं. आता तुमचा दाखवा."