दुपारची विमानवाली

मोहफुलं अंगणात वाळू लागली, की त्या गोडसर, आंबूस वासाबरोबर मला आईची खाट आठवते. आमचं गाव विमानतळाला लागून आहे आणि तिथं विमान चालवायला शिकणारी मुलं दिवसभर गावावरून घिरट्या घालत. त्या उन्हाळ्यात आई अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी दुपारची झोप हवीच म्हणून सांगितलं होतं. मी पंधरा दिवस प्रत्येक विमानाची वेळ लिहून काढली, शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या आणि विमानतळाच्या कचेरीत अर्ज दिला. साहेबांनी ऐकलं, दुपारच्या फेऱ्या तलावाच्या बाजूला वळल्या. पहिल्याच शांत दुपारी आई टक्क जागी. "काऊन वं, आज ते पोरगी नाही आली?" मी विचारलं, कोणती पोरगी? "विमानवाली. बाकीचे धडधड करत जातेत, हे अलगद वळते. पोरगीच असन. तू तं खाली मान घालून लिहून राहिली होती, तुले काय समजन!" अर्ज कशाचा होता, हे सांगायचं धाडस मला झालं नाही. "सुट्टी आहे तिची," मी म्हणाले. त्यानंतर रोज दुपारी ती कौलांकडे पाहत विचारायची, "संपली का वं सुट्टी?" फेऱ्या परत गावावरून घ्या, असा दुसरा अर्ज द्यायचं मी वहीत लिहून ठेवलं होतं. पावसाळ्यात आई गेली. वहीतली बाकी सगळी कामं मी केव्हाच खोडली. त्या एका ओळीवर अजूनही रेघ मारवत नाही.