रेघकाका आणि सतरा नंबरचा दगड

रेघकाका कुणाच्याही तोंडावर विश्वास ठेवत नसत. दगड असो, माणूस असो, नाहीतर कॉलेजची तपासणी करायला आलेली सुटाबुटातली समिती असो, काका आधी वरून खालपर्यंत न्याहाळत आणि मग हळूच म्हणत, "घासून पाय." समिती घासून पाहता येत नाही, ही त्यांची मोठीच अडचण होती. दगड मात्र येत होते, आणि उभा जन्म त्यांनी दगड घासण्यातच घालवला होता.

नागपुरातल्या आमच्या कॉलेजात, भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत, ते परिचर होते. परिचर म्हणजे जो झाडतो, पुसतो, बाटल्या धुतो आणि प्राध्यापक रजेवर असले की शिकवतोही. फक्त वेळापत्रकात त्याचं नाव नसतं. आमचे प्राध्यापक बऱ्याचदा रजेवर असत. त्यामुळे मला जे काही भूगर्भशास्त्र येतं, ते झाडू कोपऱ्यात उभा करून, हात पँटला पुसत शिकवलेलं आहे. माझ्या पदवीपत्रावर हे कुठेही छापलेलं नाही.

खनिजाचा खरा रंग त्याच्या अंगावर नसतो, त्याच्या भुकटीत असतो, हा त्यांचा पहिला धडा आणि बहुतेक शेवटचाही. खडबडीत चिनीमातीवर दगड ओढायचा आणि उमटलेली रेघ पाहायची. त्यासाठी खास पाट्या मिळतात. आमच्या खरेदी समितीने त्या मागवायचा ठराव केला होता आणि तो ठराव फाइलमध्ये अगदी सुखरूप होता. पाट्या तेवढ्या आल्या नव्हत्या. मग काका राहत त्या नंदनवन वस्तीत कुणाच्या न्हाणीघराचं काम निघालं की फुटक्या टाइल्स पिशवीत भरून आणत. टाइलची गुळगुळीत बाजू खाली, खरखरीत पाठ वर. आमची अख्खी बॅच विज्ञान शिकली ती लोकांच्या न्हाणीघराच्या कृपेने.

लोखंडाची खनिजं हा त्यांचा जीव की प्राण. त्यातही हेमॅटाइट आणि गोएथाइट. दोन्ही काळी, दोन्ही चकचकीत, दोन्हींवर सारखेच गोल फुगवटे. शेजारी ठेवली तर हुशार माणूस फसतो आणि पुस्तकी माणूस तर आनंदाने फसतो. पण टाइलवर ओढलं की हेमॅटाइट लाल रेघ सोडतं आणि गोएथाइट पिवळट तपकिरी. फरक पाण्याचा. गोएथाइटने घडणीतच पाणी बांधून घेतलेलं असतं. उन्हात ठेवून ते जात नाही, चांगलं तापवावं लागतं. तापवलं की पाणी सुटतं आणि मागे उरतं ते लाल हेमॅटाइट. मी हे पाठ करायला लागले तर काकांनी वही मिटली. म्हणाले, त्यांची आई उमरेडकडच्या गावात पिवळी माती तव्यावर भाजून गेरू करायची आणि दाराला पट्टे ओढायची. तिला हेमॅटाइट हा शब्द कुणी सांगितला नव्हता, तरी गेरू लालच व्हायचा.

गंजावर तर ते तासभर बोलू शकत. समितीच्या भेटीआधी विभागाच्या गंजलेल्या फाटकावर, न खरवडता, सरळ हिरवा रंग फासला गेला. आठवड्याभरात त्यातून पिवळे तपकिरी डाग वर आले. आम्ही हसलो, काका हसले नाहीत. म्हणाले, "लोखंडाले आपण भट्टीत घालून त्याच्या घरून आणलं ना वं. आता ते घरी जाऊन राहिलं. रंग लावून कोणी थांबते काय?" नंदनवनातल्या त्यांच्या बोअरच्या पाण्याचंही तसंच. उपसलं की काचेसारखं स्वच्छ, आणि बादलीत तासभर राहिलं की हवा लागून तळाशी पिवळा गाळ. ते म्हणत, पाहायला आलेल्या नवरदेवासारखं आहे हे पाणी, बसल्यावर कळते. माझ्या घरी सक्करदऱ्यात तेव्हा हाच विषय पेटलेला असल्याने मला हे फार पटलं होतं. बाबांनी माझ्या लग्नाची बोलणी वर्षभर थांबवली होती ती एकाच अटीवर: एमएस्सी पहिल्या फटक्यात पास आणि लगेच नोकरी. नाहीतर वाडीचा तो मुलगा, ज्याच्या तीन ट्रॅक्टरची माहिती मला त्याच्या नावाआधी सांगण्यात आली होती.

आता सतरा नंबर. प्रात्यक्षिक परीक्षेचे दगड वर्षानुवर्षं तेच, त्यांच्यावर पांढऱ्या रंगात रंगवलेले नंबरही तेच. त्यामुळे आमच्याकडे एक पवित्र यादी होती, जी प्रत्येक बॅच पुढच्या बॅचला झेरॉक्स करून देत असे. एक म्हणजे क्वार्ट्झ, दोन म्हणजे अभ्रक, असं करत करत सतरा म्हणजे हेमॅटाइट. दगडाकडे पाहायची गरजच नव्हती, नंबर वाचता आला की भूगर्भशास्त्रज्ञ तयार. सतरा नंबर आमच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे मोठ्या सरांनी, तरुणपणी स्वतः खाणीतून आणलेला. त्यावर त्यांनी शोधनिबंध लिहिला होता. निबंधाची चौकट भिंतीवर होती, आणि तिच्याखाली उभं राहून सर नवीन मुलांना संशोधन म्हणजे काय ते सांगत.

काकांनी तो दगड कधीच घासला होता. रेघ पिवळी आली. त्यांनी सरांना सांगितलंही होतं, दरवाजा लावून, मान खाली घालून. सरांनी उत्तर दिलं की जळमटं फार झाली आहेत, ती काढा. काकांनी जळमटं काढली. आम्हाला मात्र ते काही सांगत नसत. फक्त परीक्षेच्या आधी प्रत्येकाला एकेक टाइलचा तुकडा देत. त्यातले बहुतेक तुकडे टेबलावर तसेच राहत, कारण यादी खिशात असे.

माझ्या परीक्षेत सतरा नंबर आला. यादी माझ्याही खिशात होती, उगाच साधुत्वाचा आव आणणार नाही. पण हातात घेतला तर तो हेमॅटाइटच्या मानाने हलका लागला. टाइलवर ओढला तर पिवळी रेघ. पुन्हा ओढला, पिवळीच. मी गोएथाइट लिहिलं. शौर्य वगैरे काही नव्हतं. डोळ्यांसमोर पिवळं दिसत असताना लाल लिहायला हात धजला नाही, एवढंच. सर तोंडी घ्यायला आले, उत्तर पाहिलं आणि शांतपणे म्हणाले की ज्या मुलीला हेमॅटाइट ओळखता येत नाही, तिने पुढच्या वर्षी पुन्हा बसावं. मला तीन ट्रॅक्टर दिसायला लागले.

मी म्हटलं, सर, रेघ पाहा. सरांनी रेघेकडे पाहिलं नाही, काकांकडे पाहिलं. काका तेव्हा निवृत्त होऊन अकरा महिन्यांच्या कंत्राटावर होते. दर वर्षी सरांनी शिफारस केली की पुढचे अकरा महिने मिळायचे, आणि त्या वर्षीचा कागद सरांच्या टेबलावर सहीसाठी पडलेला होता. हे त्यांना माहीत होतं, सरांना माहीत होतं, आणि मलाही माहीत होतं. घरी मुलं कमावती होती, काकांचं पोट त्यावर नव्हतं. पण बायको गेल्यापासून या प्रयोगशाळेशिवाय त्यांना दुसरं घर नव्हतं. सर म्हणाले, "सांगा तुम्ही हिला. सतरा नंबर काय आहे?"

काकांनी "हेमॅटाइट" म्हटलं असतं तर मी त्यांना दोष दिला नसता. खरं तर दिला असता, तेव्हा दिला असता. पण त्यांनी सतरा नंबरचा एक कण फोडला, खलात कुटला आणि कोरड्या परीक्षानळीत टाकला. दुसऱ्या नळीत खऱ्या हेमॅटाइटची भुकटी घातली. दोन्ही नळ्या दिव्यावर धरल्या. मला वाटतं, त्या पाच मिनिटांत वर्गात पंखासुद्धा दबकून फिरत होता. हेमॅटाइटच्या नळीत काहीच झालं नाही. सतरा नंबरच्या नळीत वरच्या थंड काचेवर आधी धुकं आलं, मग पाण्याचे बारीक थेंब जमले, आणि तळाची पिवळी भुकटी बघता बघता लाल झाली.

सर म्हणाले, हवेत दमटपणा आहे. नागपूर, एप्रिल महिना, दुपारचे दोन. बाहेर कावळेही सावली शोधत होते, आणि आमच्या सरांना हवेत दमटपणा सापडला. संशोधक म्हणतात ते यालाच.

काका म्हणाले, "दमट असतं तर दोन्ही नळ्यांत आलं असतं जी, सर. आता तो लाल झाला. पयले नवता. पोरीनं बरोबर लिवलं."

सरांनी मला पास केलं. चिडून नाही, अगदी गोड हसून. जाताना काकांच्या खांद्यावर हातही ठेवला. नोंदवहीत सतरा नंबर हेमॅटाइटच राहिला, चौकटीतला निबंधही जागेवर राहिला. कंत्राटाचं मात्र असं झालं की त्या वर्षी वरूनच काही धोरण बदललं म्हणे. धोरण इतकं मोठं होतं की ते अख्ख्या कॉलेजात एकट्या काकांनाच लागू पडलं.

मुलांनी अर्ज लिहिला. काकांना ठेवा, म्हणून. शंभरावर सह्या झाल्या. ज्यांनी जन्मात टाइलला हात लावला नव्हता, त्यांनीसुद्धा केल्या. अर्ज माझ्यापर्यंत आला त्या दिवशी मी सरांच्या दारात उभी होते. बुटीबोरीच्या एका कंपनीत, आलेला कच्चा माल तपासायच्या प्रयोगशाळेत मला नोकरी मिळत होती आणि त्यांना विभागप्रमुखांचं शिफारसपत्र हवं होतं. मी अर्ज वाचला. उद्या करते म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो अर्ज प्राचार्यांकडे गेला, आणि तो जाणार हे मला चांगलं ठाऊक होतं. मला शिफारसपत्र मिळालं. सरांनी त्यात मला सत्यनिष्ठ आणि निर्भीड म्हटलं आहे. माणूस दगडात चुकायचा, माणसांतही चुकायचा, पण अक्षर सुरेख.

त्या पत्रावर मला नोकरी लागली. तिथे माझं काम म्हणजे लोखंडाच्या नावाखाली कुणी आपल्याला पाणी तर विकत नाही ना, हे पाहणं. मी रोज दगड घासते, भुकटी तापवते आणि साहेब लोक मला हुशार म्हणतात. ट्रॅक्टरवाला मुलगा दुसरीकडे खपला.

काका मागच्या उन्हाळ्यात गेले. त्याआधी एकदाच मी त्यांच्या घरी गेले होते, पहिल्या पगाराचे पेढे घेऊन, नोकरी लागल्याच्या महिनाभरानंतर. दुपारी ते ओसरीवर नुसते बसले होते. मी त्यांना नुसतं बसलेलं आधी कधीच पाहिलं नव्हतं. हातात फडकं नाही, नळी नाही, दोन्ही हात मांडीवर ठेवलेले. सुनेनं चहा आणला. त्यांनी माझ्या कामाचं सगळं विचारलं, भट्टी कोणती, किती तापवता, टाइल वापरता की पाटी. पाटी म्हटल्यावर फार खूश झाले. मी अर्जाचं बोलायला तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा पेढा घ्या म्हटलं.

निघताना मी चप्पल घालत होते तेव्हा ते म्हणाले, "त्या अर्जावर तुयी सही नवती. मले पोरांनी दाखवला होता, मी सारी नावं वाचली." माझा पाय चपलेत तसाच राहिला. मग त्यांनी नेहमीच्याच आवाजात, शिकवताना बोलत तसं, म्हटलं, "बरं केलं वं. नोकरी लागाची होती तुले."

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी घरी येऊन रडले असते आणि मोकळी झाले असते. ते बरं केलं म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. खोटं न बोलणारं त्यांच्यासारखं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, म्हणून मला ते अजून सहन होत नाही.