चार ठोक्यांची जागा

अविनाश गेल्याचं मला एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं. कापूरहोळच्या फाट्यावर माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. भोरची गाडी थांबली, कंडक्टरनं दारातूनच हाक मारली, "सलीमभाई, तुमचा पियानोवाला गेला की ओ. हार्ट ॲटॅक." आणि बेल मारली. पहिला राग मला मरणाचा आला नाही, त्या शब्दाचा आला. पियानोवाला म्हणे! सात वर्षं ज्यानं माझ्या शेजारी उभं राहून गिटार बडवली, तो मेला पियानोवाला म्हणून...

शोकसभेला पुण्याहून काही झब्बेवाले आले होते. 'मौनाचा साधक' काय, 'अंतर्मुख स्वर' काय... त्यातल्या एकानं त्याला दोनदा ऐकलं असेल तर शपथ. मेलेल्या म्हशीला मणभर दूध! म्हणून मीच लिहायला बसलो. अव्या साधक वगैरे काही नव्हता. हट्टी होता, स्वतःपुरतं बघणारा होता आणि जेवताना दुसऱ्याच्या ताटातला पापड न विचारता उचलायचा.

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही चौघांनी भोरात रॉक बँड काढला. अव्याची गिटार, माझे ड्रम. आम्हाला रॉक म्हणून कोण बोलावणार? उत्रोलीच्या जत्रेत ऑर्केस्ट्रा समजून बोलावलं. पहिल्याच गाण्याला अर्धा मांडव उठला. सरपंच स्टेजवर येऊन म्हणाले, "आरं बाबांनू, येकांदी लावणी न्हाई का येत?" अव्यानं "न्हाई" म्हणून आवाज आणखी वाढवला. असा माजोरी. पण प्रत्येक गाण्यात एका ठिकाणी तो गिटार एकदम थांबवायचा, डावी टाच चारदा आपटायचा आणि माझ्याकडे बघायचा. ते चार ठोके माझे. तेवढ्यात मी वाटेल ते वाजवावं. एवढी मोकळी जागा मला आयुष्यात दुसऱ्या कुणी दिली नाही, हे कबूल करतो.

मग एका उन्हाळ्यात या शहाण्यानं गिटार आणि ॲम्प्लिफायर देऊन त्याच्या बदल्यात पाचगणीच्या कुठल्याशा बंद बंगल्यातला पियानो आणला. म्हणाला, "सल्या, मोठ्या आवाजाचा कटाळा आला बग." सात वर्षं आमच्या कानाचे पडदे फाडल्यावर याला आवाजाचा कंटाळा! गडाखालच्या पालीला त्याच्या मामाचं घर रिकामं होतं. गडावर तोफ चढवावी तसा आठ गड्यांनी तो पियानो त्या घरात नेला. बँड तिथंच संपला. माझे ड्रम माळ्यावर गेले आणि मी वायरिंगला लागलो. आम्हाला विचारलंसुद्धा नाही त्यानं. हे मी त्याला कधीच माफ केलं नाही.

पियानो तो शिकला नव्हता. रोज सकाळी बसायचा आणि बोटं नेतील तिकडं जायचा. काल काय वाजवलं विचारलं तर म्हणायचा, "ते गेलं." कधी टेप केलं नाही, कुठं लिहून ठेवलं नाही. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकायच्या, तर उठतील तेवढ्याच घेऊन वाजवायचा. मी म्हणायचो, नाचता येईना अंगण वाकडं. तो हसायचा, आणि दर बाजाराला दुकानात येऊन तेच, "येकदा यिऊन ऐक की लेका."

वैतागून एकदा गेलो. दहा मिनिटं बसलो असेन. चाल नाही, ताल नाही... आणि मध्येच तो थांबला. हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत राहिला. मला हसू फुटलं. "इसरला का रं?" म्हणालो, आणि उठून मोटारसायकलला किक मारली. त्यानंतर त्यानं कधी बोलावलं नाही.

परवा त्याच्या बहिणीचा फोन आला. पियानो हलवायचाय, टेम्पो घेऊन या. गेलो. घरात बहिणीजवळ वरच्या वाडीतली सगुणाबाई बसली होती. ती रोज त्या घराच्या बाजूनं शेळ्या न्यायची. त्याचं रोजचं ऐकणारं माणूस तेवढं एकच. स्टुलापुढच्या सारवलेल्या जमिनीत वाटीएवढा खड्डा पडला होता, डाव्या अंगाला.

"त्यो टाचंचा हाय," ती म्हणाली. "वाजवता वाजवता थांबायचा, टाच चारदा आपटायचा, मंग फुडं. रोज. म्या इचारलं, बाबा, थांबतूस कशापायी? तर म्हनला, मावशे, हितं सल्या वाजवतू." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सल्या म्हंजी तुमीच का?"

मी गेलो होतो त्या दिवशीही त्यानं टाच आपटली असणार. मी हसत होतो, मला ऐकू आली नाही. झब्बेवाल्यांना मी मूर्ख म्हणतो खरा, पण माझ्याएवढा मूर्ख त्या शोकसभेत दुसरा नव्हता.

त्या खड्ड्यापुढून पियानो हलवणं माझ्यानं होईना, टेम्पो रिकामाच परत पाठवला. निघताना बहिणीला एवढंच सांगितलं, "ताई, पियानोचं काय करायचं ते करा. पन सारवताना त्यो खड्डा तेवढा बुजवू नगा."