ग्रीसवाल्या बाईंची ढाल

शाळेत माझं खरं नाव फक्त हजेरीपटावर आहे. बाकी सगळ्यांसाठी मी 'ग्रीसवाल्या बाई'. नवीन आलेले पालकसुद्धा फाटकावर विचारतात, "ग्रीसवाल्या बाई कुठं बसतात?" आणि शिपाईमामा न हसता बोट दाखवतात.

यात माझा दोष कमी आणि एस.टी.चा जास्त. माझं माहेर नृसिंहवाडीकडचं. बी.ए.ला रोज एस.टी.नं कोल्हापूरला यायचे. मराठ्यांच्या इतिहासाचा तास सकाळी पहिला असायचा आणि आमची गाडी त्या वेळेला कधीच पोचायची नाही. म्हणून दुपारच्या तासाचा विषय घेतला, प्राचीन जगाचा इतिहास. सर डुलक्या घेत शिकवायचे आणि आम्ही डुलक्या घेत ऐकायचो. पण ते ग्रीक लोक काही मला झोपू देईनात. एवढीएवढीशी गावं, वर्षभर एकमेकांशी भांडणारी, कुणाचं कुणाशी पटत नाही, आणि बाहेरचा कुणी चालून आला की मात्र सगळे एका रांगेत. हे तर आमचंच की! आमच्याकडं फुटबॉलवरून पेठापेठांत डोकी फुटतात, पण पुण्याच्या माणसानं तांबड्या रश्शाला नाव ठेवलं की अख्खं कोल्हापूर एका बाजूला.

पुढं शिक्षिका झाले. पुस्तकात ग्रीसला जेमतेम अर्धं पान. मी ते महिनाभर पुरवायचे. मॅरेथॉनची लढाई सांगताना सगळे त्या धावत सुटलेल्या निरोप्याची गोष्ट सांगतात, पळाला, "जिंकलो" म्हणाला आणि मेला. मला त्याचं फार कौतुक नाही. लढून दमलेलं सगळं सैन्यच पाठोपाठ चालत अथेन्सला आलं, कारण शत्रूची जहाजं शहराकडं वळली होती. अंगावर चिलखत, पोटात अन्न नाही, आणि घर वाचवायला परत पायपीट. हे सांगताना माझा आवाज शेजारच्या वर्गात जायचा. तिकडं भूमिती चालू असायची. भूमितीच्या सरांनी माझ्याविरुद्ध दोनदा तक्रार केली, पण त्यांच्याच वर्गातली पोरं दाराला कान लावून बसायची, त्याला मी काय करू?

मॅसिडोनियाच्या सैन्याचे लांबच लांब भाले समजावून सांगायला मी एकदा ऊस आणले. शाळेमागच्या शेतकऱ्याला विचारून, बरं का. पोरांना दाटीनं उभं केलं, पुढच्या ओळींनी ऊस आडवे धरायचे, मागच्यांनी उभे. खरे भाले याच्याहून कितीतरी लांब, पण नमुना झकास उतरला. मी मैदानाच्या टोकाला हेडसरांना हे दृश्य दाखवायला बोलवायला गेले आणि परत येईपर्यंत सैन्यानं शस्त्रं खाऊन टाकली होती. मैदानभर चोयट्या. हेडसर म्हणाले, "बाई, ह्या साम्राज्याचा अस्त का झाला ते कळलं."

पन्हाळ्याच्या सहलीत तीन दरवाज्यापाशी उभी राहून मी थर्मोपिलीची खिंड सांगायला लागले. मूठभर लोकांनी अरुंद वाट अडवून धरायची आणि मागच्यांना वेळ मिळवून द्यायचा, हे पन्हाळ्यावर नाही तर कुठं सांगायचं? तिथला गाईड थोडा वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "बाई, गड कुणाचा आणि तुम्ही कुठल्या देशाचं सांगाया लागलाय? आमच्या खिंडीचं सांगा की." मी म्हटलं, "पावणं, दोन्ही खिंडी सख्ख्या बहिणी आहेत." तो म्हणाला, "व्हय, पण थोरली आमची." पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्याला.

पण माझा हुकमी एक्का होता स्पार्टाची आई. त्या दिवशी मी शाळेच्या स्वयंपाकघरातून परात मागवून घ्यायचे. ती ढाल. मी आई आणि समोरच्या बाकावरचा एखादा पोरगा माझा मुलगा. मी त्याच्या हातात परात द्यायची आणि गळा भरून आणून म्हणायचं, "बाळ, ढाल घेऊन ये, नाहीतर ढालीवरून ये." म्हणजे जिंकून ये, नाहीतर तुझं प्रेत ढालीवर आडवं टाकून आणू देत. ढाल टाकून पळालास तर तोंड दाखवू नकोस. मुली डोळे पुसायच्या. मलाही दर वर्षी खरोखर रडू यायचं आणि त्या रडण्याचा मला अभिमान होता.

माझी मुलगी, एकुलती एक, हे सगळं ऐकत वाढली. तिचं बालपण एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात लाटणं असं गेलं. पुढं तिनं वाचायला सुरुवात केली आणि माझ्या पुढं गेली. मी ग्रीसच्या डोंगरातल्या बंडखोरांचं सांगायचे, आधी तुर्कांशी लढलेले, आणि मग दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे रेल्वेपूल उडवून पुन्हा कड्याकपारीत गडप होणारे. आपला गनिमी काव्याचा वारसा असल्यासारखं मी ते सांगायचे. ती विचारायची, "आणि जर्मन गेल्यावर?" जर्मन गेल्यावर ती डोंगरातली माणसं आपापसांतच लढली, भाऊ भावावर उठला. हे मला सांगायला आवडत नसे. "मग घंटा झाली," असं म्हणून मी वेळ मारून न्यायचे. "आई, तुझी घंटा बरोबर वेळेवर होते," ती म्हणायची. आगाऊ कार्टी.

तर ही कार्टी गेल्या वर्षी लष्करात अधिकारी म्हणून निवडली गेली. चेन्नईच्या अकादमीत प्रशिक्षण. मोबाईलवर निरोप आला तेव्हा आम्ही सगळे जेवत होतो. तिनं ताट बाजूला सारलं, उभी राहिली आणि वाचून दाखवलं.

आमचं सासर गुळाच्या अडतीचं. लिंगायत व्यापारी घर. आमच्या सात पिढ्यांत कुणी कुणावर साधी काठी उगारलेली नाही. खंडेनवमीला लोक शस्त्रं पूजतात, आम्ही वजनकाटा पूजतो. सासूबाई सीमेकडच्या, कानडी मायबोलीच्या. त्या घास हातात धरून म्हणाल्या, "अय्यो, आपल्यात मिलटरीत कोण गेलंय गं? दुकानात बस की माझ्या अव्वा." मग जरा वेळानं, "गळ्यात लिंग घालू देतात न्हवं तिथं?" देतात म्हटल्यावर त्यांचा निम्मा विरोध मावळला. नवरा काहीच बोलला नाही. भाव पडला तरी तो काही बोलत नाही. उठून त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि हात धुवायला गेला.

राहिले मी. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. आता ग्रीसवाल्या बाई काय बोलणार! मी म्हटलं, "तुझं हिमोग्लोबिन कमी आहे."

मला ती जायला नको होती. सरळ सांगते. इतरांच्या पोरांच्या हातात परात देऊन मी वर्षानुवर्षं रडले, आणि स्वतःच्या पोरीची वेळ आली तर मला हिमोग्लोबिन आठवलं. हिमोग्लोबिन तपासलं, उत्तम निघालं. मग मी म्हटलं, तुला ऊन बाधतं. मग म्हटलं, एम.एस्सी. कर आधी. मग काही सुचेना तेव्हा म्हटलं, तुला सकाळी लवकर उठता येत नाही. ती रोज पहाटे रंकाळ्याला दोन फेऱ्या मारून यायची, तीही मी उठायच्या आत.

एके दिवशी ती स्वयंपाकघरात येऊन ओट्यावर बसली. म्हणाली, "आई, तू नको म्हण, मी तरी जाणार. पण मला तुझ्या तोंडून नीट 'जा' ऐकायचंय. तू ऐकवल्याशिवाय मी बॅग भरत नाही." आणि खरंच भरेना. रिकामी बॅग खोलीच्या मध्यावर उघडी पडलेली. येता-जाता मला ठेच लागायची. सासूबाई म्हणायच्या, "बोल की गं काय ते एकदा, पोरगी खोळंबलीया." मी म्हणायचे, बोलते. आणि कणीक मळायला घ्यायचे.

मी माझ्या ग्रीसात शोधायला लागले. एवढ्या लढाया पाठ, त्यात एखादी धड आई नसेल का? मग त्या पिंडस डोंगरातल्या बायका आठवल्या. दुसऱ्या महायुद्धात इटलीनं ग्रीसवर हल्ला केला तेव्हा बर्फात, पाठीवर दारूगोळ्याच्या पेट्या बांधून, त्या बायका वर चढल्या होत्या. शहरातल्या बायका सैनिकांसाठी मोजे विणत बसल्या होत्या. या बायकांनी निरोपाची वाक्यं म्हटल्याचं कुठं वाचलं नव्हतं, मला ते एकदम आवडलं. बोलायचं नाही, काम करायचं. दुसऱ्या दिवशी महाद्वार रोडवरून लोकर आणली आणि विणायला बसले. दोन जोड झाले. तिसरा निम्म्यावर असताना नवऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा माझ्या इतिहासात तोंड घातलं. म्हणाला, "चेन्नईला लोकरी मोजे?"

मुलगी पोट धरधरून हसली. मीही हसले, आणि हसता हसता मला जे रडू फुटलं ते काही वर्गातल्यासारखं नव्हतं. नाक लाल, हुंदके, सगळंच गबाळं. ती शेजारी बसून राहिली. मी 'जा' म्हटलं नाही, पण तिनं ते मोजे उचलून रिकाम्या बॅगेत टाकले. मग त्यावर बाकीचं भरत गेली.

जायच्या दिवशी सासूबाईंनी तिच्या कपाळाला भस्म लावलं, हातावर दही ठेवलं. "जातो म्हणू नको, येतो म्हण," असं दहादा बजावलं. कोल्हापूरच्या पोरी 'येते' म्हणत नाहीत, 'येतो'च म्हणतात, आणि माझी तर लहानपणापासून. "येतो गं आज्जी," म्हणून ती निघाली. तिरुपतीची दुपारची गाडी पकडायची आणि पुढं चेन्नई. नवरा सामान लावायला डब्यात चढला. आम्ही दोघी फलाटावर.

गाडी सुटायला थोडाच वेळ होता. ती माझ्यासमोर ताठ उभी राहिली, वर्गातला पहिल्या बाकावरचा पोरगा उभा राहायचा तशी, आणि गालात हसत म्हणाली, "चला बाई, म्हणा. ढाल घेऊन ये, नाहीतर ढालीवरून ये."

मी तोंड उघडलं. हजारदा म्हटलेलं वाक्य, झोपेत म्हणेन. आणि माझ्या तोंडून बाहेर काय पडलं, तर, "काही ढाल-बिल नको. तशी वेळ आली तर टाक ती तिथंच आणि पळत घरी ये. मी दार उघडं ठेवते."

शेजारून जाणारा चहावाला थबकला, इतक्या मोठ्यानं म्हणाले होते मी. मला जरासुद्धा लाज वाटली नाही. जगातल्या सगळ्या स्पार्टांवर मी त्या क्षणी पाणी सोडलं होतं.

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "आई, ढाल टाकायची एवढी लाज का होती, माहीत आहे न्हवं तुला? डोक्यावरचा टोप आणि अंगावरचं चिलखत आपल्यासाठी असतं. ते टाकलं तर चालायचं. ढाल डाव्या हातात असती. ती निम्मी आपल्याला झाकती आणि निम्मी डावीकडच्याला. मी टाकली तर मी पळून वाचीन गं. डावीकडची मरंल."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. कुठंतरी वाचलंही होतं. पण वर्गात ते सांगायची वेळ कधी आली नाही, कारण त्यात परात नव्हती, रडू नव्हतं. मग मी जे विचारलं ते बाईंनी नाही, आईनं विचारलं.

"आणि तुझ्या उजवीकडं कोण असणार?"

ती जरा गडबडली. "आता कसं सांगू? अजून ओळख कुठं झालीया. असंल कोणतरी."

नवरा खाली उतरला, ती वर चढली. "येतो गं," म्हणाली, आणि गाडी हलली.

आता ती फोनवर सांगते, शेजारच्या पलंगावर एक मुलगी आहे, लांबच्या राज्यातली, तिला आमचा गूळ फार आवडला. कवायतीत माझ्या पोरीच्या उजवीकडं तीच उभी असते, म्हणजे तिची निम्मी ढाल माझ्या पोरीची. मी दर महिन्याला गूळ पाठवते, एक ढेप माझ्या पोरीला, एक तिला. त्या मुलीच्या आईला मी ओळखत नाही, तिची भाषाही मला येत नाही. तीही कुठल्यातरी स्टेशनवर मुलीला निरोप द्यायला आली असेल. फक्त माझ्यासारखं, ढाल टाकून पळत घरी ये, असं ती म्हणालेली नसू दे.