मागचं उजवं चाक

तोंडावर मिस्त्री, पाठीमागे कान. टायरच्या त्या दुकानात त्याला तिसरं नाव नव्हतं.

गाडीखाली रुंद, जाडजूड टायर हवे असणारे हौशी लोक त्याच्याकडे यायचे. रुंद टायर काय, कोणीही बसवतो. खरी गंमत पुढे असते. रिकामी गाडी लोण्यासारखी पळते, आणि मागे चार माणसं बसून गतिरोधक आला की टायर आत कुठेतरी घासतो. कुठे, ते सांगणं हे कानाचं काम. मिस्त्री अंगणाच्या मधोमध उभा राहून डोळे मिटायचा. गाडी त्याच्याभोवती दोन चकरा मारायची. मग तो म्हणायचा, "पुढचं डावं. आतलं प्लास्टिक. बोटभर कापा." कापायला बोटभरच लागायचं.

बाकीची दुकानं चाकावरच्या पोकळीत खडू फासायची. टायर घासतो तिथला खडू पुसला जातो, जागा सापडते. मिस्त्री या पद्धतीवर अक्षरशः थुंकायचा. "खडू बहिऱ्यांना लागतो. मला देवाने दोन कान दिलेत." आणि हाताशी असलेल्या फिटरचा कान पिरगळून, "यालाही दिलेत, पण चष्मा अडकवायला."

त्याची बायको दुकानाच्या दारात मशीनवर सीटकव्हरं शिवायची. एकदा मशीनचा पट्टा करकरला, तर हा भर गिऱ्हाइकांत म्हणाला, "चार दिवस किंचाळतंय ते, आणि हिला पत्ता नाही! बघायला गेलो तेव्हा डोळे बघितले, कान बघायचे राहिले." सगळे हसले. तीही हसली. हसली नसती तर आणखी एक विनोद झाला असता.

दोन वर्षांपूर्वी त्याचे कान गेले. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दाराची बेल, मग टायर. घरात फक्त तिला कळलं. डॉक्टरचं नाव काढलं तर त्याने ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी त्यानेच तोड काढली, म्हणजे हुकूम सोडला. चाक डावं असेल तर तिने कात्री डाव्या हातात धरायची, उजवं असेल तर उजव्या. पुढचं असेल तर मशीनवर, मागचं असेल तर मांडीवर. तेव्हापासून मिस्त्री डोळे अर्धेच मिटायला लागला. आणि जिला कान नव्हते तीच त्याचे कान झाली. आभार म्हणाल तर एकदाच काहीतरी बोलला होता: "जरा वर धरत जा, दिसत नाही."

दोन महिन्यांपूर्वी तो गाडीखालच्या दुरुस्तीच्या खड्ड्यात उतरून चाकापाशी डोकं घालून बसलेला असताना जॅक घसरला. सगळे ओरडले. तो रेंच फिरवत राहिला. चाक त्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर आदळलं.

त्या रात्री ती म्हणाली, "अहो, सोडा आता तो खड्डा. हात जोडते."

तो तिचे ओठ वाचत होता. म्हणाला, "तू कात्री धर. डोकं चालवू नकोस."

दुकानाचा मालक त्याचा धाकटा भाऊ. त्याचाही कान सासरच्या माणसांसमोर पिरगळला गेला होता, तो काही विसरला नव्हता. त्याने स्वतःसाठी नवी गाडी घेतली, रुंद टायर चढवले आणि दुपारी सगळ्यांसमोर, दादाच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाला, "दादा, फिटर म्हणतात तुला ऐकू येत नाही. मी म्हणतो छे! तर आज माझ्या गाडीवर होऊन जाऊ दे. बरोबर सांगितलंस तर मरेपर्यंत खड्डा तुझा. चुकलास तर उद्यापासून बाहेर बसून हवा भरायची."

"गाडी आण," मिस्त्री म्हणाला.

मागे चार फिटर कोंबले. धाकट्याने गाडी गतिरोधकावर घातली आणि पत्रा फाडावा तसा आवाज झाला. समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. मागचं उजवं चाक. शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं.

मिस्त्रीने पापण्यांच्या फटीतून दाराकडे बघितलं. ती कापड कापत होती. थांबली. कात्री तिने डाव्या हातात घेतली आणि मांडीवर ठेवली.

"मागचं डावं," मिस्त्री म्हणाला. "मडगार्डची कड. बोटभर."

फिटर गाडीतून उतरले. मग चार फिटरांतला जाड्या गाडीमागे जाऊन खाली बसला, खांदे हलायला लागले.

"नक्की ना दादा?"

"कोणाला विचारतोस?"

"एकदा खडू लावून बघू का?"

"ही काय शाळा आहे?"

"मग काप."

"नवी गाडी आहे तुझी."

"माझीच आहे. म्हणून तर म्हणतो, बिनधास्त काप."

त्याने ग्राइंडर उचलला. ठिणग्या उडाल्या, नव्या रंगाचा जळका वास सुटला. जाड्या त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला. "अहो कान!" मिस्त्री कापत होता. "अहो बहिरोबा! उजवीकडे बघा!" न्हावी हसून हसून भिंतीला टेकला. मिस्त्रीने कड गोल केली, बोट फिरवलं, धार राहिली म्हणून पुन्हा घासली. काम मात्र सुंदर केलं.

तोवर धाकट्याने उजवी बाजू जॅकवर घेऊन चाक काढलं होतं. "दादा, इकडे ये. काल ऐकून ठेवलं होतं, आणि खूण पण करून ठेवली होती."

पोकळीत खडू फासलेला होता. मडगार्डच्या कडेपाशी तळहाताएवढा पट्टा साफ पुसलेला, खाली पत्रा चमकत होता. मिस्त्रीने उरलेल्या खडूवर बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिला. निळा. दुकानातले खडू पांढरे. निळा, चपटा, कापडावर रेघ मारायचा खडू एकाच खणात असायचा.

तो दाराकडे वळला. "तू दिलास?"

"हो," ती म्हणाली. मग त्याला नीट दिसावं म्हणून, लहान मुलाला शिकवतात तसं तोंड मोठं उघडून, सावकाश: "हो. मी."

"सगळ्यांसमोर?"

"जॅक घसरला तेव्हा तीनदा ओरडले. घरी हात जोडले. तुम्हाला चारचौघांतलंच कळतं, म्हणून चारचौघांत." तिने दोरा दातांनी तोडला. "कान बघायचे राहिले होते ना? घ्या बघून."

यावर जाड्या सगळ्यात जोरात हसला.

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री बाहेर स्टुलावर, हवेच्या नळीपाशी. आता कान हे नाव तोंडावर आलं. फिटर जाता-येता त्याच्या कानाची पाळी हलकेच ओढायचे, आणि तो ओढू द्यायचा.

तिसऱ्या दिवशी एका गाडीच्या चाकात हवा भरली आणि वाल्व फुसफुसायला लागला. गिऱ्हाईक म्हणालं, "काका, गळतंय." मिस्त्री टोपण लावत होता. मग माणसाचे हलणारे ओठ त्याला दिसले, पण उशिरा. काहीतरी चुकलंय एवढं कळलं, काय ते कळलं नाही. सवयीने त्याने दाराकडे बघितलं.

तिने मान वर केली. आवाज तिथपर्यंत स्पष्ट येत होता. कात्री मशीनवर पडलेली होती. तिचे दोन्ही हात कापडावर होते, ते तिने तिथेच ठेवले आणि पायाने मशीन सुरू केलं.

गिऱ्हाईक वाट बघत होतं. मिस्त्रीने टोपण काढलं, बोटावर थुंकी घेतली, ती वाल्वच्या तोंडाला लावली आणि बुडबुडा येतो का ते बघायला खाली वाकला.