दादांची एक नोट

मंडळी, आज भाच्याचा विमानतळावरून फोन आला. "मामा, दुबईच्या चार नोटा हायत खिशात. कस्टमवाल्यांना सांगाव्या लागतात का?"

"न्हाई रे, लई मोठी रक्कम असली तरच. ये निवांत."

फोन ठेवला अन् दादा आठवले, आमचे वडील. तीन वर्षं आखातात बकऱ्या राखून आलते. गावाकडं मेंढरं नेताना प्रत्येक नाक्यावर आपण होऊन मेंढरांचा आकडा सांगायची त्यांची सवय. परत आले तवा विमानतळावरबी तिकडची एकच नोट घेऊन कस्टमला सांगायच्या रांगेत उभे राहिले. साहेब हसला, पण बीडची गाडी चुकली. आमी लेकरं मांजरसुंब्याच्या फाट्यावर दिवसभर वाट बघत बसलो.

दादा उतरल्यावर मी चिडून विचारलं, "त्या रांगेत कावून थांबलात?"

"तुझ्यासाठी आणलती. चोरून कशी आणू?"

ती नोट अजून पाकिटात हाय. तुमच्याकडं हाय का अशी, जी मोडवत न्हाई?