आबांनी घासलेली गाडी

घर सोडलं त्या सकाळी कोल्हापूरच्या स्टँडवर आबांनी माझ्या कानाखाली अशी वाजवली, की बंगळूर गाडीचा कंडक्टरसुद्धा दोन पावलं मागं सरला. धना, तू धाकटा भाऊ, माझी बॅग पोटाशी धरून रडत होतास. कारण तुला ठाऊक आहे, पण आपल्या उद्यमनगरातून माझ्यासारखेच बाहेर पडलेले अजून चार जण हे वाचतील, म्हणून सांगतो. आमच्या वडिलांचं, आबांचं, डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. एका गिऱ्हाइकानं आबांना सगळ्यांदेखत चोर म्हटलं आणि मी हातातल्या हातोडीनं त्याचा खांदा मोडला. दवाखाना, पोलीस चौकी, हातापाया पडणं, सगळं आबांनी निस्तरलं आणि मला बंगळूरला ओळखीतल्या गोविंदअण्णांकडं धाडलं. "हात आवर, बाळू," म्हणाले. ते सांगताना स्वतःच हात उचलला. आमच्या घरची तऱ्हाच अशी.

गोविंदअण्णा इथलेच मराठे. त्यांचे पूर्वज कधी काळी फौजेबरोबर आले ते इथंच राहिले. त्यांची मराठी ऐकून पहिल्या आठवड्यात मला हसू आवरेना. "बाळू, स्वल्प हळू ठोक रे. सरी?" असं बोलायचे. स्वल्प म्हणजे जरा आणि सरी म्हणजे बरं, हे मला मागाहून कळलं. शहराबाहेर होसकोटेला त्यांची शेड आहे आणि तिथं शौकिनांच्या जुन्या परदेशी गाड्या दुरुस्तीला येतात. पहिल्या वर्षात मी तीन भांडणं केली. एका वेल्डरनं हिंदीत आईवरून शिवी दिली तर त्याचं डोकं पत्र्यावर आपटलं. अण्णांनी मला बडवलं नाही, की हाकललंही नाही. फक्त दोन महिने रंगाच्या गनला हात लावू दिला नाही. ते मला माराहून झोंबलं.

अमेरिकन मसल कार मी पहिल्यांदा तिथंच बघितली. लांब नाकाची, दोन दारांची, डाव्या बाजूला स्टिअरिंग, आणि बॉनेटखाली रेड्यासारखं गुरगुरणारं इंजिन. त्यातली लिमिटेड एडिशन म्हणजे कंपनीनं मोजक्याच काढल्या आणि प्रत्येकीवर नंबराची पट्टी ठोकली. इंजिनावरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळला, तर घेणारे एकमेकांच्या उरावर बसतात. आणि रंग? तिथं तर माझं डोकंच फिरलं. फिका पडलेला, तडे गेलेला चालतो, पण तो कारखान्यात लागलेलाच पाहिजे. नवा चकाचक रंग मारला की भाव धाडकन खाली. इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर कुणा अमेरिकन कामगारानं पन्नास वर्षांपूर्वी मेणखडूनं मारलेली फुली असते, त्या फुलीलासुद्धा किंमत. अण्णा मला कापूस देऊन तिच्या कडेकडेची धूळ टिपायला लावायचे. आयला, मी मनात म्हणायचो, आबांनी हे बघितलं तर ते मला वेड्याच्या इस्पितळात नेतील.

कारण आबांचं म्हणणं तुला पाठ आहे. "गाडी आपल्या दारातनं भायेर पडली की नवी कोरी दिसली पायजे. मालकानं वळखता कामा न्हाय." उभी हयात त्यांनी त्यावर काढली. पॉलिश पेपरनं त्यांच्या बोटांचे ठसे झिजून गेलेत.

सहा वर्षांनी आबांचा राग निवळला आणि ते खंडेनवमीला माझ्याकडं आले. इकडं तिला आयुधपूजा म्हणतात आणि तिचा थाट दिवाळीहून मोठा. प्रत्येक गाडीला केळीचे खुंट बांधतात, चाकाखाली लिंबं ठेवतात, आत कुंकू भरलेला कोहळा फोडतात. शेडमध्ये तेव्हा इंदिरानगरच्या एका साहेबांची लिमिटेड एडिशन उभी होती. मूळ रंग, नंबर जुळलेले, मेणखडूची फुली शाबूत. मुंबईहून एक जण पूजेच्या दिवशीच बघायला येणार होता. ती गाडी ठरल्या भावाला गेली, की अण्णा मला शेडमध्ये भागीदार करणार होते. सहा वर्षं मी त्या एका शब्दाची वाट बघितली होती.

आदल्या दिवशी आबा गाडीभोवती फिरले. बॉनेटवरून हात फिरवला. "हिला कधी रंगवणार?" त्यांनी विचारलं. धना, इथं माझं चुकलं. ह्या गाडीला तुमच्यासारख्या कारागिराचा हात लागला की तिची माती होते, हे मला आबांच्या तोंडावर सांगता येईना. सहा वर्षांनी आले होते रे. मी म्हणालो, "बघू, पूजेनंतर." आणि विषय बदलला.

सकाळी मी आणि अण्णा फुलं आणायला मार्केटला गेलो. परत यायला तीन तास लागले. शेडमध्ये पाऊल टाकलं आणि रॉकेलचा वास आला. आबांनी इंजिनाची खोली रॉकेल आणि तारेच्या ब्रशनं घासून काढली होती आणि वर काळ्या रंगाचा हात मारला होता. फुली गेली होती. कंपनीचा कागदी शिक्का पुट्टीच्या पात्यानं खरवडला होता. बॉनेटला मशीननं असं रबिंग मारलं होतं, की कडांना खालचा प्रायमर उघडा पडला होता. आबा घामानं निथळत होते आणि हसत होते. "तुज्या हाताखालची गाडी पूजेला मळकी कशी बसवायची?" म्हणाले. मग बॅगेतून नवी टोपी काढून घातली.

मी केळीचा खुंट भिंतीवर आपटून त्याचा चोथा केला. "सत्यानाश केला तुम्ही माझा," असं ओरडलो. आबांना कळेचना. तेवढ्यात साहेबांची गाडी आत आली, मागोमाग मुंबईवाला.

साहेबांनी बॉनेट उघडलं आणि तसेच थिजले. मुंबईवाल्यानं एकदा आत वाकून बघितलं, खिशातून फोन काढला आणि बोलत बाहेर निघून गेला. "किसने किया ये?" साहेब किंचाळले. आबांना वाटलं, नवी कोरी गाडी बघून साहेब चक्रावलेत. ते पुढं झाले, हात जोडून म्हणाले, "मी केलं, सायेब. बगा कशी नवी कोरी."

साहेबांनी आबांच्या मुस्काटात मारली. आबा सावरताहेत तोवर दुसरी. अंगठी लागून ओठ फाटला, टोपी रॉकेलात पडली. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस गाडीच्या दाराला धरून उभा राहिला. मग साहेब माझ्याकडं वळले. "कौन है ये बुड्ढा?"

धना, एका शब्दापायी मी माणसाचा खांदा मोडलेला आहे. त्या दिवशी हात नुसते लोंबत राहिले. मी म्हणालो, "गाँव का पेंटर है, सर. काम पे आया था."

आबांनी माझ्याकडं बघितलं. लांबून नाही, दोन हातांवरून. मग वाकून टोपी उचलली, झटकली आणि साहेबांना म्हणाले, "व्हय सायेब. पेंटर हाय मी." म्हणजे माझं खोटंसुद्धा त्यांनी आपल्या अंगावर घेतलं.

अण्णा सगळं ओळखून होते. त्यांनी आबांना स्वतःच्या स्कूटरवर बसवून स्टँडला नेलं. मी गेलो नाही. मी बॉनेटवर मेण लावत बसलो, काही वाचतंय का बघत. परत आल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, "तुझे अप्पा होते ना रे ते?" त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

संध्याकाळी बनशंकरीला एका रिक्षावाल्यानं दहा रुपये जास्त मागितले. "स्वल्प ॲडजस्ट माडि, सर," जरा सांभाळून घ्या, इतकंच बिचारा म्हणाला. मी त्याला रिक्षातून ओढून काढला आणि तुडवला. त्याचा काही म्हणजे काही गुन्हा नव्हता. मग चौकातल्या लोकांनी मला धरून लाथाबुक्क्यांनी हाणला. खालचे दोन दात तिथं गेले. घरी बायकोला सांगितलं, बाइकवरून पडलो. आणि तू फोनवर म्हणालास, आबा बसच्या पायरीवरून पडले, ओठाला टाके पडलेत. मी म्हणालो, "जपायला सांग त्यांना." अरे, केवढा हरामखोर मी!

गाडी पुढं वर्षभरानं कमी भावात गेली. ती सावरण्यात मी जीव ओतला, म्हणून अण्णांनी शब्द पाळला. आज चार वर्षांनी शेडमध्ये माझा हिस्सा आहे. जुन्या रंगाला धक्का न लावणारा माणूस म्हणून लांबून लोक मला शोधत येतात. जीभ बदलली, हिंदी सफाईनं येते, कानडीत घासाघीस करतो. नवा आलो तेव्हा पत्र्याच्या खोलीत चौघांत झोपायचो, आता बनशंकरीत तीन खोल्यांचा फ्लॅट घेतलाय. वास्तुशांतीला आबा येत नाहीत म्हणून तू परवा माझ्यावर उखडलास. "तू त्यांना काय बोललास?" म्हणून विचारलंस. त्यांनी तुला म्हणे कारण सांगितलं, बस लागते.

बस लागत नाही त्यांना. मी लागलोय.

वास्तुशांत मी रद्द केली. ज्या घरात आबा येऊ शकत नाहीत ते घर माझं कसं म्हणू? दारावर माझ्या नावाची पाटी आहे, पण मी कुणाचा कोण, हे तिथं कुणी विचारत नाही. ते विचारणारी माणसं तिकडं गॅरेजमध्ये आहेत, आणि त्यांनाच मी चार वर्षं चुकवतोय.

सोमवारी येतोय. दुपारी गॅरेज गिऱ्हाइकांनी, कामाच्या माणसांनी भरलेलं असतं, तेव्हाच येईन. आत येऊन सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगेन, की हे माझे वडील आहेत आणि माझ्यापायी मार खाल्ला तेव्हा मी यांना ओळख दिली नाही. मग तुला राग आला तर तूही हाण. आबांचा हात उठला, तर मात्र मध्ये पडू नकोस.